गिटारवर शिंपल्याचं जडावकाम: पहिली हत्यारं कुठली घ्यावीत?

मोकळी तार

नमस्कार मंडळी,

स्टीलच्या तारांची एक अकूस्टिक गिटार घरी बांधायला घेतली आहे. मान झाली, शिसवीच्या फ्रेटबोर्डाला, म्हणजे मानेवरच्या बोटं दाबायच्या फळीला, फ्रेटच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांसाठी खाचाही पाडून झाल्या. फ्रेट अजून ठोकलेले नाहीत आणि बोर्ड मानेला चिकटवलेला नाही. इथे मुद्दाम थांबले आहे, कारण बाराव्या फ्रेटपाशी जाईचं फूल आणि दोन पानं, आणि वर हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या टोकाला खुंट्या असतात त्या भागावर, जाईची एक डहाळी शिंपल्यात जडवायची आहे. फूल पांढऱ्या मोतीशिंपल्याचं, पानं हिरव्या-निळ्या पाउआ शिंपल्याची.

मुलुंडला दोन खोल्यांचं घर, काम गॅलरीतल्या टेबलावर. भिंतीपलीकडे आजारी माणूस आहे, त्यामुळे घरघरणारं मशीन नकोच. हातानं करायचं आहे आणि नीट करायचं आहे. अडचण अशी की व्हिडिओत दिसणारी हत्यारं इथे कुठल्या नावानं मागायची तेच कळत नाही. ओळखीच्या सुताराला विचारलं तर त्यानं पाऊण इंची पटाशी पुढे केली. फुलाची पाकळी सगळी मिळून सहा मिलिमीटरची, तिथे ती काय कामाची?

तर विचारायचं हे: पैसे आधी कशावर घालू, कशावर वाचवले तरी चालतील, आणि मुंबईत कुठे शोधू?

गुंजभर

ताई, सुताराकडे नंतर जा, आधी सोनाराच्या गल्लीत जा. हे काम दिसतं लाकडावर, पण त्यातलं निम्मं सोनाराचं आहे. शिंपला कापायची करवत, तिची फ्रेम, बारीक कानशी, चिमटे, भिंग, सगळं झवेरी बाजाराच्या आसपास सोनारांची अवजारं विकणाऱ्यांकडे मिळतं. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या हेच काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली वस्तू करवतीची फ्रेम. पात्यापासून मागच्या दांडीपर्यंत तीन इंच खोली तुम्हाला पुरे. मोठी फ्रेम घेऊ नका, ती जड असते, मनगट डुलतं आणि पातं तिरकं जातं. फ्रेम साधी असली तरी चालेल, फक्त दोन्ही टोकांचे स्क्रू पातं घट्ट धरतात ना ते दुकानातच लावून बघा.

पैसे घाला ते पात्यांवर. डझनावर किंवा ग्रोसवर मिळतात. नंबर शून्यात मोजतात: २/० त्यातल्या त्यात जाड, ४/० बारीक, ६/० त्याहून बारीक. ४/० चं पातं साधारण ०.२२ मिमी जाडीचं, ६/० चं ०.१८. तुमचा शिंपला बहुतेक १.३ मिमीचा असेल. कापायच्या जाडीत एका वेळी दोन-तीन दात तरी बसले पाहिजेत, नाहीतर दात कडेला अडकतो, शिंपल्याचा टवका उडतो आणि पातंही जातं. त्या हिशेबानं ३/० किंवा ४/० नं सुरुवात करा. ६/० पाकळ्यांमधल्या अरुंद चिरांसाठी राखून ठेवा. पाती तुटणार, ती तुटण्यासाठीच असतात, मोजत बसू नका. स्विस व्हॅलोर्ब कंपनीची मिळाली तर उत्तम.

पातं लावताना दात मुठीकडे, खाली वळलेले. ही करवत खाली ओढताना कापते. फ्रेम टेबलाच्या कडेला टेकवून छातीनं किंचित दाबायची, तशीच धरून दुसरा स्क्रू आवळायचा आणि मग सोडायची, म्हणजे पातं ताणलं जातं. नखानं छेडलं की उंच, स्वच्छ सूर निघाला पाहिजे. तुम्ही तारा लावणाऱ्या, तुमचा कान हे बरोबर सांगेल.

दुसरी वस्तू विकत घ्यायचीच नाही. अर्धा इंची फळीचा तुकडा टेबलाच्या कडेबाहेर येईल असा क्लॅम्पनं बसवा, त्याला पुढून व्ही आकाराची खाच आणि खाचेच्या टोकाशी लहान भोक. शिंपला त्या खाचेवर बोटांनी दाबून धरायचा. करवत कायम उभी आणि एकाच जागी, वळणावर फिरवायचा तो शिंपला. हे एवढं हाताला बसलं की बाकीचं येतं.

कानशी: बारीक नीडल फाइल्सचा एक संच. त्यातली अर्धगोल आणि त्रिकोणी सर्वांत जास्त वापराल. डिझाइन कागदावर काढून शिंपल्यावर चिकटवा आणि रेघेच्या बाहेरून कापा, रेघेपर्यंत कानशीनं या.

बोरिवलीचा बोका

वाखूसा, म्हणजे वाचनखूण साठवली. माझ्याकडे एका जुन्या गिटारच्या हेडस्टॉकवरचा शिंपला निघून आलाय, त्यासाठीही कामाला येईल.

श्वासमोकळा

हत्यारांच्या आधी मास्क घ्या, कळकळीनं सांगतो. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि त्याला धरून ठेवणारी प्रथिनं. त्याची धूळ अतिशय बारीक असते, छातीत जाऊन त्रास देते. शिसवीची धूळही काही लोकांच्या त्वचेला आणि श्वासाला चांगलीच झोंबते. एन-९५ नाकाला नीट बसवून घाला, साधा कापडी नको. पंखा बंद. कापताना शिंपल्यावर पाण्याचा थेंब टाकत राहा, धूळ ओलीच राहते. शेवटी टेबल ओल्या फडक्यानं पुसा, झाडू मारू नका. तुमची गॅलरी आजारी माणसाच्या खिडकीला लागून असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं.

पाणदगड

गुंजभर यांनी शिंपल्याची बाजू चोख मांडली. मी लाकडाची मांडतो. माझगावला गोदीत पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करतात तिथे, नोकरी झाली, लाकडात मापाच्या खाचा करण्यातच.

मुलुंडकर ताई, क्रम पक्का लक्षात घ्या. आधी शिंपला कापून, घासून पूर्ण तयार करायचा. मग त्या तुकड्याभोवती खूण करून खोबण खणायची. खोबण आधी करून तिच्यात शिंपला बसवायला गेलात तर दोन्हीकडून घासत बसाल.

खूण करायला पेन्सिल चालत नाही, तिची रेघच अर्धा मिलिमीटर खाते. तुकडा बोर्डवर पाण्यानं सुटणाऱ्या गोंदाच्या एका ठिपक्यानं चिकटवा. वाळला की टोकदार सुईनं, तुकड्याच्या कडेला अगदी लागून, ओरखडा काढा. सुई उभी धरा. मग तुकडा अलगद सोडवा आणि ओरखड्यात पांढरा खडू चोळा. काळपट शिसवीवर रेघ लख्ख दिसते. आता स्काल्पेलनं, ११ नंबरच्या टोकदार पात्यानं, त्याच रेघेतून दोन-तीनदा हलक्या हातानं फिरा. हा काप खोबणीची भिंत असतो. पटाशी त्याच्यापर्यंत येऊन थांबते, पलीकडचं लाकूड फाटत नाही.

पटाश्या दोनच लागतात. एक ३ मिमीची, ती मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवर मिळेल. दुसरी दीड मिमीची. ती घरीच करा, मोडलेल्या नीडल फाइलची. मात्र कानस फार कडक असते, काचेसारखी तुटते. आधी ती घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवून थंड होऊ द्या, म्हणजे चिवटपणा येतो. मग धार काढा. दगडावर हातानंच घासा. चाकावर घासलीत तर दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवा. टोक निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, गेला, तेवढा भाग घासून टाकण्यावाचून इलाज नाही.

खोबणीचा तळ सपाट करायला लहान राउटर प्लेन लागतं, म्हणजे तळ एका पातळीत तासणारा छोटा रंधा. विकतचा महाग असतो. तळहाताएवढा सागाचा ठोकळा घ्या, त्यात तिरकं भोक पाडून एलन की (स्क्रू फिरवायची एल आकाराची षटकोनी सळई) बसवा, बाजूनं स्क्रूनं आवळा आणि कीच्या आखूड वाकड्या पायाला पटाशीसारखी धार काढा. एलन की चांगल्या पोलादाची असते, धार टिकते. खोली शिंपल्याच्या जाडीपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी कमी ठेवा. शिंपला लाकडाच्या किंचित वर राहिला पाहिजे, खाली गेला तर वर आणता येत नाही.

आता धार. तुमच्या सगळ्या बजेटमधला मोठा वाटा मी दगडावर लावेन. १००० नंबरचा एक पाणदगड, ४००० चा एक, आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर हिरवी पॉलिश. शिसव कठीण, म्हणून धारेचा कोन ३० अंशांच्या आसपास. धार लागली की नाही हे पाहायला पॅकिंगच्या खोक्याची देवदाराची फळी घ्या आणि तिच्या टोकाकडून, रेषांना आडवी, पटाशी चालवा. काप चकचकीत आला तर कामाला बसा. लाकूड चुरगळलं तर पुन्हा दगडावर. महागडी बोथट पटाशी आणि स्वस्तातली धारदार पटाशी यांत मी डोळे मिटून दुसरी उचलेन.

लाकूडतोड्या

काका, तुमचा मान राखून थोडा विरोध नोंदवतो. आज जगभरचे बहुतेक गिटार बनवणारे खोबण हातातल्या रोटरी मशीननंच काढतात, त्याला खोली ठरवणारा बेस लावून. ०.८ मिमीचा बिट कडेनं आणि १.६ चा मधलं खणायला. तळ आपोआप सपाट येतो. एबनीवर, म्हणजे आबनुसावर, पटाशीनं खणायला जा, हाताचे स्नायू बोलायला लागतात. ताईंना पुढे अजून गिटारी करायच्या असतील तर मशीनचा विचार करावा. चांगल्या मशीनचा आवाज मिक्सरपेक्षा कमी असतो.

पाणदगड

मशीन वाईट असं मी म्हणत नाही. कारखान्यात रोज वीस बोर्ड करायचे असतील तर हातानं करू नये. पण बिट गोल असतो, त्यामुळे प्रत्येक टोकदार कोपऱ्यात गोलाई उरते आणि ती शेवटी पटाशीनंच काढावी लागते. जाईच्या पाकळीचं टोक, पानाचं टोक, सगळे कोपरेच. म्हणजे मशीन घेतलं तरी पटाशी आणि धार चुकत नाही. ताईंना एक फूल, दोन पानं आणि एक डहाळी करायची आहे. त्यासाठी मशीन, बेस आणि बिटांचा खर्च मला पटत नाही. शिवाय ०.८ चा बिट नवख्या हातात लगेच मोडतो, आणि पटाशी घसरली तर दिसते, मशीन घसरलं तर क्षणात पाकळीभर लाकूड जातं.

लाकूडतोड्या

कोपऱ्यांचा मुद्दा मान्य. एका गिटारसाठी पटाशीच बरी.

त्रिज्या

एक हिशेब कुणी मांडला नाही. फ्रेटबोर्ड सपाट नसतो. क्लासिकल गिटारचा साधारण सपाट असतो, बाकीच्यांना गोलाई असते, कंपनीगणिक तिची त्रिज्या वेगळी: गिब्सनची १२ इंच, मार्टिनची १६, जुन्या फेंडरची ७.२५. शिंपल्याचा तुकडा सपाट. बोर्ड गोल घासताना तुकड्याच्या दोन्ही कडा झिजतात.

१२ इंच म्हणजे ३०५ मिमी त्रिज्या धरा. ४० मिमी रुंद ठोकळा जडवला तर मध्यापेक्षा कडा जवळपास ०.६५ मिमीनं खाली येतात, म्हणजे १.३ मिमी शिंपल्याची कडेला निम्मीच जाडी उरते. २० मिमी रुंदीच्या फुलाला हाच फरक ०.१६ मिमी. ताईंचं फूल लहान आहे, १.३ मिमी बिनधास्त चालेल. रुंद नक्षी असेल तर दीड मिमीचा शिंपला घ्यावा किंवा नक्षी मधोमध तुकड्यांत तोडावी. हेडस्टॉक सपाटच असतो, तिथे प्रश्न नाही.

पाउआबद्दल एक. त्याचा रंग रंगद्रव्याचा नसतो, अतिसूक्ष्म थरांतून प्रकाश परतताना तयार होतो, आणि थर वाकडेतिकडे असतात. जास्त घासलं की नक्षी बदलते, कधी छान होते, कधी उडूनच जाते. म्हणून पानं शक्य तितकी समतल बसवा, घासायला कमी ठेवा.

मिरजेची वाट

हा धागा वाचून राहवलं नाही. मिरजेत सतार-तंबोरे करणारी घराणी शिकलगारांची. त्यांचं मूळ काम हत्यारांना धार लावण्याचं, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब शिकलगारांपासून ती वाद्यांकडे वळली. धार कळणारा माणूस लाकडाकडे वळला की काय घडतं ते तिथे बघावं. पाणदगड काका धारेवर एवढं का लिहितात ते त्या गल्लीत गेल्यावर पटतं.

तिथली एक गोष्ट ताईंना वापरता येईल: तुकडा जडवून झाल्यावर त्यावर बारीक रेघा कोरून रंग भरतात. पानाच्या शिरा शिंपला कापून दाखवू नका. पान अखंड जडवा, घासून पॉलिश करा, मग सोनाराच्या ग्रेव्हरनं शिरा कोरा आणि त्यांत काळा रंग चोळून वरचा पुसून घ्या. जिवंत दिसतं.

कोकणमेवा

शिंपला विकतच घ्यायला हवा का? आमच्या किनाऱ्यावर ढीग पडलेले असतात. आणि आजीच्या पेटीत हस्तिदंती बांगडीचा तुकडा आहे, तो चालेल?

गुंजभर

किनाऱ्यावरचे शिंपले बहुतेक पातळ आणि वाकडे, त्यातून १.३ मिमीचा सपाट तुकडा निघत नाही. गोव्याच्या जुन्या खिडक्यांना लावलेले शिंपले सपाट दिसतात, पण त्यांचे पापुद्रे सुटतात, करवतीखाली टिकत नाहीत. तयार घासलेले तुकडेच घ्या. सरावाला पितळेचा एक मिमी पत्रा किंवा म्हशीचं हाड घ्या, दोन्ही सुंदर दिसतात.

हस्तिदंताला हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याचा व्यापार बंद आहे, आणि घरात जुना असला तरी मालकीचं प्रमाणपत्र लागतं. वाद्यावर लावून ते वाद्य विकायचं तर मोठी अडचण. नॉटिलससारखे काही शंखही याच कायद्यात येतात.

जुनी पेटी

मुंबईत हे काम नवं नाही, हे इथे नोंदवून ठेवावंसं वाटतं. एकोणिसाव्या शतकात चंदनाच्या ‘बॉम्बे बॉक्स’ इथून विलायतेला जात, त्यांवर सादेलीचं काम असे. आबनूस, शिंग, हस्तिदंत, कथिलाची तार यांच्या बारीक कांड्या एकत्र चिकटवून जुडी करायची, आणि ती जुडी आडवी कापून कागदाएवढ्या पातळ चकत्या काढायच्या. प्रत्येक चकतीवर तीच नक्षी. त्या चकत्या पेटीवर चिकटवत.

स्पॅनिश गिटारच्या साउंडहोलभोवती जे मोझेकचं रोझेट असतं, तेही असंच होतं: रंगीत लाकडाच्या काड्यांची जुडी आणि आडवे काप. एकोणिसाव्या शतकातला स्पॅनिश गिटार-कारागीर आंतोनिओ दे तोरेस याच्या गिटारींवर पाहा. ताईंची पुढची गिटार क्लासिकल असेल तर रोझेट सादेलीच्या नक्षीचं करावं ही माझी मनापासूनची सूचना. त्याला वेगळी हत्यारं लागतील: गोल खाच कापायचा सर्कल कटर, काड्या एका जाडीच्या करायला स्क्रेपर आणि बारीक दातांची सरळ करवत. साउंडबोर्ड, म्हणजे गिटारची वरची फळी, जेमतेम अडीच मिमीचा असतो, म्हणून खाच दीड मिमीच्या पुढे नेऊ नका.

अंधेरीची सर

पावसाळ्यात हत्यारं कशी ठेवता? माझ्या कानशी एका जुलैत तांबूस झाल्या.

पाणदगड

हवेतलं पाणी आणि हाताचा घाम, दोन्ही शत्रू. काम झालं की फडक्यानं पुसा, मशीन ऑइलचा पातळ हात फिरवा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. पुड्या अधूनमधून तव्यावर हलक्या आचेवर कोरड्या करून घ्यायच्या. कानशींना तेल नको, दातांत भुसा चिकटतो. त्यांना खडू चोळून वेगळ्या डब्यात ठेवा. करवतीची पाती आहेत तशीच मेणकागदात.

लाकडालाही तेच. जडावकाम पावसात करायचं तर बोर्ड आणि शिंपला घरात सुकू द्या, बाहेरच्या ओल्या हवेत मापं घेऊ नका. सरस पावसाळ्यात वापरूच नका, दमटपणात सैल पडतो.

मोकळी तार

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी फेरी मारली. सोनारांच्या दुकानातून तीन इंची फ्रेम, ४/० आणि ६/० ची पाती, नीडल फाइल्स आणि भिंग घेतलं. नागदेवीला ३ मिमीची पटाशी आणि १००० चा दगड मिळाला, ४००० चा मागवला आहे. पितळेवर करवत चालवून बघते आहे. पातं टणटणीत ताणल्यावर किती फरक पडतो ते पहिल्याच वळणाला कळलं. शिंपला चिकटवायला आणि फटींच्या भरणीला काय वापरू? आणि बाराव्या फ्रेटच्या फुलाची पानं फ्रेटच्या खाचेवरून पलीकडे गेली तर चालतील का? कागदावर तसं फार सुरेख दिसतं.

गुंजभर

भरणीला दोन भागांचं इपॉक्सी, त्यात त्याच शिसवीचा बारीक भुसा कालवून. थोडं ओसंडेल इतकं भरा, शिंपला दाबून बसवा, पूर्ण दिवस हात लावू नका. सुपरग्लू चालतो, पण दमट हवेत फार लवकर धरतो, तुकडा सरकवायला वेळ देत नाही. शिसवीवर बारीक फटी दिसत नाहीत. मेपलसारखं फिकं लाकूड असतं तर भरणी उठून दिसली असती, तिथे बसणी तंतोतंतच लागते.

पाणदगड

पानं खाचेवरून नेऊ नका. ६५० मिमीच्या स्केलवर (म्हणजे मोकळ्या तारेच्या लांबीवर) अकराव्या आणि बाराव्या फ्रेटमधलं अंतर १९.३ मिमी. फ्रेटच्या तारेची रुंदी वजा केली की सोळा-सतराच मिमी हातात राहतात, त्यात फूल आणि पानं बसवा. शिंपल्यावरून खाच गेली तर ती करवतीनं पुन्हा कापावी लागते, आणि फ्रेट ठोकताना हातोडीच्या हादऱ्यानं खाचेच्या कडेला टवके उडतात. पानं वरच्या बाजूनं फुलाला लगटून, वळवून काढा. जागा कमी पडली तर एक पान कमी करा, हेडस्टॉकवर डहाळी आहेच.

इपॉक्सी पक्कं झाल्यावर बोर्डाच्या त्रिज्येच्या ठोकळ्यावर १५० चा पॉलिश पेपर, मग २२०, ३२०, ४००, ६००. हातात नुसता पेपर धरून घासू नका, लाकूड झिजतं आणि शिंपला उंचवट्यासारखा राहतो. घासून झाल्यावर खाचांमध्ये भुसा आणि इपॉक्सी अडकलेलं असेल. फ्रेटच्या करवतीनं हलक्या हातानं प्रत्येक खाच मोकळी करा, खोली तपासा, मगच फ्रेट ठोका. बोर्ड मानेला चिकटवायचं काम मात्र या घासण्याच्याही आधी उरकून घ्या, म्हणजे शेवटचं घासणं मानेवरच, सरळ पट्टी लावून करता येईल.